गोल झाला, पण ओरडायचं कधी?

मंडळी, आज एक गोष्ट मला कळलेली नाही, म्हणून विचारते आहे.

शिवॉन माझी कारखान्यातली सहकारी. काही वर्षं कॅनडात राहिली आणि येताना आइस हॉकीचं वेड घेऊन आली. आज संध्याकाळी इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोनला, तिच्या घरी टीव्हीवर मॅच बघत होतो. तिच्या टीमने गोल केला. ती किंचाळली आणि तिने मला मिठीच मारली. मला मिठ्या फारशा जमत नाहीत, पण मीही ओरडले.

मग समोरच्या टीमच्या कोचने व्हिडिओ तपासायला लावला. पूर्वी हा नियम नव्हता म्हणे. आइस हॉकीत चेंडूऐवजी चकती असते; एक खेळाडू तिच्या आधी, केसभर, निळी रेषा ओलांडून गेला होता, म्हणजे ऑफसाइड. गोल रद्द.

"निर्णय बरोबर आहे," मी म्हटलं.

"असेल गं बाई. पण मग मी ओरडायचं कधी?"

शेवटी शेवटी पुन्हा गोल झाला. शिवॉन जागची हलली नाही. "हा धरतील ना?" तिने मलाच विचारलं. धरला. टीम जिंकली. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', एवढंच म्हणून ती कप विसळायला गेली. दर वेळी ती पुढच्या मॅचचं आमंत्रण देते, आज दिलं नाही.

कारखान्यात कॅमेऱ्याने मालातली केसभर चूक पकडणं हे माझं रोजचं काम. नियम अचूक आहे, यात शंका नाही. तरी मला रद्द झालेलाच गोल आठवतोय.

क्रिकेटवाल्यांनो, तुम्ही थर्ड अंपायरला सरावलात. थांबून ओरडल्यावर तेवढंच बरं वाटतं का?