शर्माजींची चौथी पोळी

कमलमावशी आज पहाटे गेली, आणि माझ्या नळाला पाणी नाही.

मरणाची बातमी कानावर आली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, टँकर दुपारी.

म्हणजे शोकसुद्धा आता टँकरच्या टायमिंगनं करायचा. याबद्दल मी लेखी तक्रार करणार आहे. तीन प्रतींत.

तोवर हे लिहिते.

मावशी सख्खी नव्हे. जयपूरला, बनी पार्कात, आमच्या शेजारची. नवरा रेल्वेत होता, बदलीच्या गावीच वारला. सांगलीचे थोरले दीर, अण्णा, तिला न्यायला तयार होते. हिनं मागच्या दोन खोल्या टूरिस्ट लोकांना द्यायला सुरुवात केली आणि स्वतः रांधून वाढू लागली.

“सांगलीत मी कुणाची तरी विधवा,” आईला म्हणायची. “इथे मी मालकीण.”

अण्णांनी एक सीझन दिला होता. चैत्रात येईन, खोल्या भरलेल्या दिसल्या तर राहा, नाहीतर सामान बांध.

आणि नेमका त्याच सीझनला फ्लू.

सत्तावनचा तो फ्लू. साथ ओसरली होती, भीती ओसरली नव्हती. किल्ला बघायला येणारी माणसं घरी बसून पेपर वाचत होती, आणि पेपरात फ्लू. टांगेवाले स्टेशनबाहेर घोड्यावरच्या माश्या हाकलत बसलेले.

कॉलनीनं तर फर्मानच काढलं. ज्या घरात ताप, त्या घरानं दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधायचा. त्या घरात बाहेरचा पाहुणा उतरणार नाही.

टांगेवाले आधी दार बघायचे, मग सामानाला हात लावायचे.

हिवाळाभर मावशीच्या खोल्या रिकाम्या. शेवटची आशा गणगौरची. तो सण बघायला माणसं येतातच. कलकत्त्याच्या एका कुटुंबाचं पोस्टकार्डही आलं होतं, निघतोय म्हणून.

ते पोहोचले पाडव्याच्या सकाळी.

मावशीचं दुःखाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. ती स्वतः काही करायची नाही, म्हणून आईनं हौसेनं तिच्या फाटकावर गुढी उभारली. साडी, गाठी, वर तांब्या. आणि कडुनिंबाचा डहाळा, चांगला भरगच्च, कारण आईचा हात कशातच आखडता नव्हता.

टांगा आला. टांगेवाल्यानं वर पाहिलं.

“बाबूजी, इस घर में बीमारी है,” म्हणाला आणि घोडा वळवला.

ओले हात पदराला पुसत मावशी फाटकापर्यंत धावत आली, तोवर नुसती धूळ.

आईचा चेहरा बघवत नव्हता. गुढी उतरवू का, विचारत राहिली.

“सकाळीच गुढी उतरवतात होय?” मावशी म्हणाली. “राहू दे. उद्या अण्णा येतायत, तेव्हा बांधेन सामान.”

यावर आईनं जे ठरवलं, ते फक्त आमची आईच ठरवू शकते.

संध्याकाळी आम्ही सहकुटुंब, होल्डॉलसकट, शेजारच्या घरी पाहुणे म्हणून उतरलो.

अण्णांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं, आमची बदली त्याच हिवाळ्यातली. बाबा झाले झाशीचे शर्माजी. आधीची वर्षं झाशीतच काढल्यामुळे माझी हिंदी फर्स्ट क्लास. आईची मात्र “हम पानी भरके आता हूँ” या वळणाची, म्हणून तिला घुंघट आणि मौन.

मला एकच ताकीद. मावशीला मावशी म्हणायचं नाही. आंटीजी.

अण्णा आले. भरलेल्या खोल्या बघून गप्प झाले.

पण गप्प माणूस जेवायला बसला की बोलतो. आमच्या देखत, अगदी निर्धास्त मराठीत, मावशीला म्हणाले, “कमल, हा शर्मा चौथी पोळी घेतोय. अशानं तुझा धंदा चालायचा नाही.”

बाबांनी चौथी पोळी हळूच परत ठेवली.

झाशीच्या शर्माजींनी.

मावशीचा हात आमटीच्या पळीसकट थांबला. अण्णांनी बाबांकडे पाहिलं. मग आईच्या घुंघटाकडे. मग माझ्याकडे. मी वाटीत बघत होते.



“वाढ त्यांना,” अण्णा म्हणाले. “पाहुण्याला अर्धपोटी उठवू नये.”

बाबांनी ती पोळी खाल्ली. मान वर न करता.

गणगौर बघून अण्णा निघाले. तोवर मी दोनदा ‘माव’ म्हणून जीभ चावली होती. सामान बांधायचा विषय त्यांनी काढलाच नाही. टांग्यात बसताना शेजारच्या आमच्या कुलूपबंद घराकडे बघत मावशीला म्हणाले, “शेजारी अशी माणसं असतील तर राहा बाई इथेच. आणि या पोरीला आता मावशी म्हणू दे. कोंडलीय बिचारी.”

टांगा वळला. मावशीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

मग मला जवळ ओढून म्हणाली, “एवढ्या दिवसांचं मावशी म्हणणं थकवलंयस हं. मतलब, माझं येणं आहे ते तुझ्याकडे.”

मी म्हणणार, तेवढ्यात आईनं घुंघट फेकून दोन दिवसांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली. मग कुणालाच वाव मिळाला नाही.

पुढे आमच्या बदल्या होत गेल्या. मावशी तिथेच राहिली, मालकीण म्हणून. मी मोठी झाले, पेपरात लिहून लोकांना शब्दांनी टोचून पोट भरू लागले. कामानिमित्त जयपूरला गेले की हॉटेलात उतरायचे, कारण बिल ऑफिसचं.

ती फोनवर म्हणायची, “खोली रिकामी आहे गं.”

आता कुठल्याही शहरात रूम मिळते. एसी, गीझर, सकाळी पेपर. आपण आलो म्हणून फाटकापर्यंत धावत येणारं कुणी मिळत नाही.

नंतर हजारदा मावशी म्हटलं मी तिला. पण ती थकबाकी निराळी. दर फोनला आठवण करून द्यायची आणि स्वतःच हसायची.

भावपूर्ण वगैरे मोठे शब्द तुला आवडले नसते. नीट जा.

दार लोटून घेतलंय. घरात कुणी नाही. हळूच म्हणून घेते.

मावशी.

मावशी.

मावशी.