चालू यंत्राची पूजा

आमच्या सार्वजनिक वाचनालयात सहा संगणक आले आणि ते सांभाळायला मला नेमलं. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. उद्घाटन थाटात झालं. फीत कापायला बरेच हात पुढे आले, माऊसला मात्र कुणी हात लावला नाही.

थोड्याच दिवसांत हार्डडिस्क एकेक करून जाऊ लागल्या. पेपर वाचून टाकावा तसे लोक थेट भिंतीवरचा खटका पाडून संगणक बंद करत. संगणकाचा डबा पायाशी असे, त्याला लाथा बसत. हार्डडिस्कमध्ये तबकडी गरगरत असते आणि तिच्यावर केसाएवढंही अंतर न ठेवता एक सुई तरंगत असते. चालू असताना दणका बसला की सुई तबकडीला घासते आणि तिच्यावरचं सगळं जातं. मी डबे टेबलावर घेतले, खटक्यांना पेटी बसवली, भिंतीवर पाटी लावली: ‘यंत्र चालू असताना हलवू नये.’ खाली अध्यक्षांचं नाव सूचनेपेक्षा मोठ्या अक्षरांत घालावं लागलं. पण डिस्क टिकू लागल्या.

त्याच सुमारास वडिलांच्या घशात गाठ निघाली. ते शिरोलीला फाउंड्रीत होते. भट्टीच्या वर आवाज चढवण्यात त्यांचा जन्म गेला. घरात ते कुजबुजले तरी शेजारी उत्तर देत. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज साठवून ठेवायला मी त्यांना कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसवलं आणि माइक पुढे केला.

“ह्या डब्याला काय सांगू?”

“काहीही बोला.”

“काहीही कसं? त्यो काय इचारतोय व्हय?”

मागे उभी असलेली आई म्हणाली, “च्या मागतासा तसं मागा की.”

“अगंऽ, च्या टाकलास काय?” त्यांनी अशी हाक मारली की शेजारच्या खोलीतले दोन वाचक शांतता राखा म्हणून सांगायला आले.

ऑपरेशननंतर ती हाक थांबली. चहा हवा असला की ते पेला फरशीवर वाजवत. आई मधूनच वाचनालयात यायची, हेडफोन लावून साठवलेली हाक ऐकायची आणि निघून जायची. ती फाईल फ्लॉपीत मावत नव्हती. मी सीडी रायटर मागितला. अध्यक्ष म्हणाले, “दसऱ्याला आणूया की. चांगल्या वस्तूला मुहूर्त नको व्हय?”

खंडेनवमीला संगणकांची पूजा ठरली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्र थांबवतात, पुसतात आणि मग हळदकुंकू लावतात. मी झेंडू आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा अध्यक्षांच्या दोघा माणसांनी कोपऱ्यातला संगणक चालू करून, वायरींसकट उचलला होता. मी दारात असतानाच तो चौरंगावर दाणकन टेकला. मी तो रोज पुसत असल्यामुळे सगळ्यांत तोच स्वच्छ दिसत होता.

“चालू कशाला केला?” मी विचारलं.

“मग? बंद ठेवून पुजायला त्यो काय वारलाय?” अध्यक्ष म्हणाले. पडद्यावर गणपती होता. चौरंग बरोबर पाटीच्या खाली होता.

डब्यातून पाल चुकचुकावी तसा आवाज यायला लागला. अध्यक्षांनी हात जोडले. गणपती गेला, पडदा निळा झाला, आणि नारळ फुटला.

दुरुस्तीवाल्याने डिस्क उघडून उजेडाकडे धरली. “रेघ पडलीया. ह्यातनं आता काय निघत न्हाय.”

सीडी रायटर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर आला. पेढे वाटले.

घरी मी सांगितलं. वडिलांनी एक तळहात दुसऱ्यावर आडवा ठेवला. फाउंड्रीच्या गोंगाटात मशीन बंद पडली की ते तशी खूण करत. मग त्यांनी पेला वाजवला. आई पहिल्यांदाच उठली नाही.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचे शब्द पाठ आहेत, आवाज आठवत नाही. एकदा आई म्हणाली, “तू म्हण बघू त्यांच्यागत.” मी गळा ताणून हाक मारली. तिने डोळे मिटून ऐकली.

“शब्द त्येच हाईत,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.