मल्लिनाथने नियम घातला होता

मल्लिनाथ आज सकाळी गेला, आणि दहा मिनिटांत ग्रुपवर त्याची चूक हजर.

"चांगला माणूस. ती एक चूक सोडली तर."

ग्रुप आमच्या जुन्या हॉस्पिटलचा. मी तिथे कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. मल्लिनाथ माझ्या हाताखाली, कॉन्ट्रॅक्टवर. कन्नड सीमेवरच्या मैंदर्गी गावचा, आयटीआय झालेला.

चूक त्याची नव्हतीच. "आम्हाला टेक्निकल कळत नाही" म्हणून तेव्हा जे सुटले, त्यांनी आज नीट वाचावं.

फायरवॉल म्हणजे सर्व्हरच्या दारावरचे नियम. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही.

आपण टाइप करतो ते टूलमध्ये. दारावर उभा असतो तो कर्नल, सिस्टिमचा गाभा. टूल फक्त निरोप्या.

आमचं जुनं टूल सुटा निरोप देत नसे. एक ओळ वाढवायची तरी कर्नलकडून अख्खी यादी आणायची, ओळ घालायची, अख्खी यादी परत द्यायची. कर्नल जुनी सोडतो, नवी धरतो. मध्ये कोणी काय घातलं, विचारत नाही.

त्या दिवशी बाहेरच्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. अकराला त्याने यादी फाईलमध्ये उतरवून घेतली.

बाराला मल्लिनाथने एक्स-रे मशीनकडे बाहेरून येणारी वाट बंद केली.

इंजिनिअर साहेब जेवून आले. त्यांनी अकराच्याच फाईलमध्ये आपली ओळ घातली आणि ती फाईल कर्नलला दिली.

मल्लिनाथची ओळ पुसली गेली. एरर नाही, काही नाही.

संध्याकाळी त्याच वाटेने कोणीतरी आत शिरलं. चार दिवस रिपोर्ट बंद.

चौकशी समितीचा अहवाल आला: नियम कर्नलमध्ये आढळला नाही, म्हणजे घातलाच नव्हता.

"घातलो की मॅडम. माझ्या हातानं घातलो. लिस्ट काढून बघितलो बी."

"मग मीटिंगमध्ये तोंड का शिवलं होतंस?"

"त्यांचं सगळं इंग्लिशमधी. आयटीआयवाल्याचं कोण ऐकतंय?"

मी लॅपटॉप घेऊन समितीपुढे बसले.

"हा नियम घातला. दिसतोय?"

"दिसतोय."

"आता ही त्याआधीची फाईल देते. आता शोधा."

त्यांनी शोधला, सापडला नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, अहवाल टाइप झालाय आता."

टाइप झालाय!

त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. मी पत्रं लिहीत राहिले. एकालाही उत्तर नाही.

तो गावी परतला, शाळेचे कॉम्प्युटर सांभाळू लागला. फोन केला की आधी विचारायचा, "अहवाल बदलला का मॅडम?"

मग विचारायचा बंद झाला. ते मला जास्त लागलं.

आता मी मैंदर्गीला निघाले आहे. त्याच्या आईला, अव्वांना, कोणीतरी सांगून ठेवलंय की पोराच्या हातून चूक झाली. त्यांना फायरवॉल समजावत बसणार नाही. मल्लिनाथनेच शिकवलेल्या मोडक्या कन्नडमध्ये एवढंच सांगणार आहे, "अव्वा, तप्पु अवंदल्ल." चूक त्याची नव्हती.

ग्रुपवरची ती ओळ डिलीट करू नका. राहू दे. तिच्याखाली ही पोस्ट लावा. आणि हात जोडणारे इमोजी टाकण्याआधी समितीतल्या ज्यांनी तो लॅपटॉप पाहिला होता, त्यांनी "पाहिलं होतं" एवढं लिहा. नावासकट.

मल्लिनाथ, ये आता.

नियम तू घातला होतास.