घाडगे डॉक्टरांनी मागून घेतलेला नमस्कार

घाडगे डॉक्टरांच्या पाया पडायला कुणी वाकलं, की ते अंगावर पाल पडल्यासारखे मागे सरकत. "आवं, मी काय देव हाय?" साताऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी वाकलो आणि यथेच्छ बोलणी खाल्ली. नमस्काराची परवानगी एकट्या हौसाबाईंना होती. परवानगी कसली, सक्तीच.

पेशंटच्या तोंडी सांगण्यावर डॉक्टरांचं कधी भागत नसे. जिना चढताना दम लागतो म्हटलं, की हे त्याच्याबरोबर जिना चढत. "सांगू नगा, करून दावा," हे दिवसातून वीसदा. मूळचे उंब्रजचे, सगळा जन्म शहरात काढूनही बोली तसूभर हलली नव्हती. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ भरपूर आहे.

हौसाबाई म्हसवडच्या, चाळिशीतल्या. धाप लागायची, मधूनच भोवळ यायची. मी त्यांना झोपवून छाती ऐकली आणि कागदावर 'दमा' लिहून मोकळा झालो. निघताना त्यांच्या सासूबाई पुटपुटल्या, "सिद्धनाथाला हिचा नमस्कारच पावत न्हाई. वाकली की पडती." मी हसलो. पलीकडच्या टेबलावरून घाडगे उठलेच.

"हौसाबाई, देवाफुडं वाकता तसं वाका. आमी धरलंय."

त्या वाकल्या. डॉक्टर शेजारी उकिडवे बसून छातीला नळी लावून ऐकत राहिले. बाई पांढऱ्याफटक पडल्या, तसं आम्ही त्यांना सावरलं. मग डॉक्टरांनी बसवून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं. दर वेळी आवाज बदलत होता. "दमा न्हाई ह्यो," ते मला म्हणाले. "काळजात कायतरी हिंदकळतंय, गड्या."

लगेच इको केला. पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्यात लिंबाएवढी गाठ झुलत होती आणि प्रत्येक ठोक्याला झडपेच्या तोंडाशी जाऊन बसत होती. अशी गाठ मी फक्त पुस्तकात पाहिली होती. माझा 'दमा' टेबलावर तसाच पडला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

ऑपरेशन म्हटल्यावर सासूबाई अडून बसल्या. "जत्रा हुंदे, मग बगू." डॉक्टरांनी त्यांना पडद्यापुढे खुर्ची दिली.

"बगा आज्जी. गाठ साधी हाय, कॅन्सर न्हाई. पर बसलीया दारात. येक दिस दार लावून घेतलं, की सून गेली. देवाला वेळ हाय, हिला न्हाई."

म्हातारीने गाठ दारात येऊन बसताना पाहिली. मग पदर खोचून म्हणाली, "चला."

त्याच दुपारी डॉक्टर स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून त्यांना सांगलीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गाठ निघाली.

अशी गाठ क्वचित पुन्हा येते, म्हणून दरवर्षी इको व्हायचा. तो चांगला आला, तरी डॉक्टरांचं समाधान होत नसे. खुर्चीतून उठून ते समोर उभे राहत. "वाका." हौसाबाई पायांवर डोकं ठेवून उठत. "नमस्कार नगं मला," डॉक्टर म्हणत, "तुमचं उठणं पायजे."

यंदा घाडगे डॉक्टर गेले. त्यांना अंगणात ठेवलं होतं. हौसाबाई म्हसवडहून आल्या, त्यांनी डॉक्टरांच्या पायांवर डोकं टेकलं आणि ते उचलेचनात. पुढे होऊन मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि सावकाश, आपल्या आपण उभ्या राहिल्या.

"उठले बगा, डाक्टर," त्या म्हणाल्या.