जागा बदलायच्या नाहीत

रविवार, २८ सप्टेंबर २०२५. दादर, आमचं घर. हजर: आई, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, माझा नवरा आणि मी. दोन्ही वहिन्यांना बोलावलं होतं, आल्या नाहीत.

आशिया कपची दुबईतली फायनल होती, पुन्हा पाकिस्तानशीच. आधीच्या दोन रविवारी आपण तिथेच पाकिस्तानला हरवलं होतं आणि दोन्ही सामने आम्ही पाच जणांनी याच खोलीत पाहिले. माझ्याकडे जमायचं, कारण भाऊ एकमेकांच्या घरात पाऊल ठेवत नाहीत. लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी इमारत उभी राहते आहे. तिच्यातलं घर कोणाच्या नावावर, यावरून बोलणं तुटलं. तेव्हापासून आई माझ्याकडे असते.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. आईचं म्हणणं, दोन्ही मुलगे मिळून न्यायला आले तरच ऑपरेशनला जाईन. मी समजावलं, रागावले. भावांना फोन केले. दोघांचं उत्तर एकच: "तो येणार नसेल तर मी येतो." मॅच मात्र आईला दोघांसोबतच ऐकायची असते, आणि तेवढ्यापुरतं ते तिचं ऐकतात.

पहिल्या दोन रविवारी थोरला दाराजवळच्या खुर्चीत बसला, धाकटा खिडकीखालच्या दिवाणावर. बोलणं माझ्यामार्फत. सुरुवात धाकट्याची.

"ताई, त्याला सांग पाय आत घे. टीव्ही दिसत नाही."

"त्याला सांग, मान लांब कर. सवय आहे त्याला दुसऱ्याच्या घरात डोकवायची."

फायनलला मी ठरवून खुर्ची आत नेली, दिवाणावर इस्त्रीचे कपडे रचले आणि सोफा तेवढा मोकळा ठेवला. शेजारी बसतील, दोन घास खातील, मग मी ऑपरेशनचा विषय काढीन. दोघं आले, घुटमळले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. पाकिस्तानची बॅटिंग संपेपर्यंत बसलेही. मी विषय काढणार, तोच आपले पहिले तीन गडी पटापट गेले.

"थोरलो खय बसलोहा?" आईने तिच्या मालवणीत विचारलं. तिला आता माणसं नुसती सावल्यांसारखी दिसतात.

"सोफ्यावर."

"आणि धाकटो?"

"तिथेच, बाजूला."

"म्हणानच. जागे बदललंस तू. आधी बसलेले तशे बसव त्यांका."

"आई, त्याने काय होतं?"

"जिंकाक होया मा? मगे."

दोघं एकदम उठले. इतक्या काळात त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं, ते एवढंच. थोरल्याने आतून स्वतः खुर्ची आणली. धाकट्याने कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला. "ताई, तू पण ना. फायनलला कोणी सेटिंग बदलतं का?"

माझी जागा स्वयंपाकघराच्या दारात, उभ्याने. पुढे कोणी हलायचं नाही आणि मॅचखेरीज काही बोलायचं नाही, असा आईचा हुकूम. मला वाटतं, तिचा हिशेब साधा होता. जिंकलो की घरात आनंद होईल आणि आनंदात पोरं बोलतील.

आपण जिंकलो. खाली फटाके लागले. आईने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आता बोला रे दोघा."

थोरला म्हणाला, "आई, उशीर झालाय. निघतो." तिच्या पाया पडला आणि गेला. धाकटा बुटाची नाडी बांधत बसला. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आल्यावर उठला.

"बोलले काय गो?" आईने विचारलं.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. मी ताटं उचलली.

आई आता चहाचा कप चाचपडत शोधते. मी दर सोमवारी आठवड्याची कामं लिहून काढते. गॅस, विमा, पाण्याचा फिल्टर, सगळं वेळेवर होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे, ती अजून घेतलेली नाही.