अकरा पॉइंट्स आणि एक शिळा

ओनो-सानांनी पेनाला टोपण लावलं आणि मला कळलं, डेमो पडला. जपानी क्लायंटनं लिहून घेणं थांबवलं की समजावं, त्याच्यापुरती मीटिंग संपली.

स्क्रीनवर शिआन होतं, चीनची जुनी राजधानी. मातीचे सैनिक, तटबंदी, घंटामनोरा, रानहंस पॅगोडा, देवळं. आमच्या सॉफ्टवेअरनं तीन दिवसांत अकरा ठिकाणं बसवली होती. ओनो-सान टोकियोतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत सहलींचे प्रमुख. त्यांची माणसं हातानं आखणी करत, तेव्हा जेमतेम सहा बसत. आम्ही शाबासकीच्या तयारीत होतो.

"छान आहे," ओनो-सान म्हणाले. "पण केळकर-सान, आमचे बहुतेक ग्राहक सत्तरीच्या पुढचे आहेत."

एवढंच बोलले आणि उठले.

मी ब्रिज एसई. म्हणजे क्लायंटच्या ऑफिसात बसून जपानीत ऐकायचं आणि पुण्याच्या टीमला मराठी-इंग्लिशमध्ये सांगायचं. लग्नातल्या मध्यस्थासारखं हे काम. काही बिनसलं की दोन्हीकडचे आपल्याकडेच बघतात. जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर बऱ्याच परदेशी टीम्स टोकियोतून परत गेल्या होत्या. आम्ही टिकलो म्हणून हे काम मिळालं होतं. शिआनची सहल ही परीक्षा. पास झालो तर काँट्रॅक्ट पुढे, नाहीतर सगळ्यांनी बॅगा भरायच्या.

कोड निखिलचा. तो टोकियोतच ओजिमाला राहायचा. त्याची मुलगी जपानी शाळेत दुसरीत होती आणि आईला उत्तरंही जपानीतच द्यायची. डेमोनंतर निखिलनं मला एकच विचारलं, "शाळेत सांगून ठेवू का?"

"थांब," मी म्हटलं. "अजून मी हरलेली नाही."

पुण्याहून पराग सरांचा, म्हणजे आमच्या बॉसचा, कॉल आला. "सत्तरी असली म्हणून काय झालं? अगं मृणाल, माझी आई सत्तरीत चारधाम करून आली. बारावा पॉइंट टाका. पॅगोडाची दहा मिनिटं कापा."

सरांचं चुकत नव्हतं, फक्त गाव चुकलं होतं. आपल्याकडे सहल म्हणजे पॉइंट्स. महाबळेश्वरला टॅक्सीवाला पहिलं हेच विचारतो, किती पॉइंट्स करायचेत. आपणही सगळे करतो. उतरायचं, फोटो काढायचा, चढायचं. तेच गणित कोडमध्ये उतरलं होतं. ऑप्टिमायझर म्हणजे प्रोग्रामचा तो भाग, जो हातातल्या वेळात सगळ्यात चांगली आखणी शोधतो. चांगली म्हणजे काय, हे त्याला आपण सांगायचं असतं. आम्ही सांगितलं होतं, जास्त ठिकाणं म्हणजे चांगली. यावर टीममध्ये चर्चासुद्धा झाली नव्हती.

जपानमध्ये परदेशी सहलीआधी कंपनी ग्राहकांना बोलावून माहिती देते. बॅग केवढी, पाणी कुठलं प्यायचं, सगळं. ओनो-सानांची हातानं आखलेली शिआनची सहल पुढच्या महिन्यात निघायची होती. तिच्या माहितीसभेला मी येऊ का, म्हणून विचारलं. ते हो म्हणाले.

मी मागच्या रांगेत बसले. पायऱ्या किती, मध्ये बसायला मिळेल का, स्वच्छतागृह कुठे, असे प्रश्न चालले होते. काय काय दाखवणार, हे कोणी विचारत नव्हतं. ते सगळे घरून वाचून आले होते.

मग कुरोदा-सान उठले. निवृत्त शिक्षक, टोपी हातात. शिआनला एका संग्रहालयात कोरीव लेखांच्या शिळा आहेत, अक्षरशः जंगलासारख्या उभ्या. त्यातल्या एका शिळेचे कागदावर घेतलेले ठसे समोर ठेवून ते तरुणपणापासून कुंचल्यानं अक्षरं गिरवत आले होते.

"त्या शिळेपुढे किती वेळ मिळेल?"

"संपूर्ण संग्रहालयाला पाऊण तास," कंपनीची गाइड म्हणाली.

"मग मी घरीच सराव करतो. माझ्यामुळे इतरांना उशीर नको." त्यांनी वाकून नमस्कार केला आणि खाली बसले.

ओनो-सानांच्या कपाळाला आठी पडली. ठरावीक संख्येच्या खाली माणसं गेली की सहल रद्द करावी लागते आणि हा ग्रुप त्या काठावरच होता. कुरोदा-सान गेले की सहल गेली. खरं सांगते, मला आनंद झाला. अडचण नसलेल्या माणसाला सॉफ्टवेअर विकता येत नाही.

चहाच्या वेळी मी प्रत्येकाला एकच विचारलं, "एकच जागा बघायला मिळाली तर कुठली?" बहुतेकांना सैनिक हवे होते. काहींना एक देऊळ, जिथे पूर्वी एक जपानी भिक्षू शिकला होता. दोन बहिणींना तटबंदीवर नुसतं चालायचं होतं.

निखिलला म्हटलं, "ऑप्टिमायझर उलटा कर. आधी प्रत्येकाच्या एका जागेला पोटभर वेळ. उरलेल्या वेळात बाकीचं."

संग्रहालय तटबंदीला जवळजवळ लागूनच निघालं. कुरोदा-सान शिळेपाशी, बहिणी तटावर, आणि बस एकाच ठिकाणी उभी.

पराग सर चिडले. "अकराचे पाच? बाकीचे कुठे गेले म्हणून विचारतील ना."

"विचारू देत सर. उत्तर माझ्याकडे आहे."

कोणी विचारलं नाही. दुसऱ्या डेमोत ओनो-सान शेवटपर्यंत लिहीत होते. मग तिथूनच त्यांनी कुरोदा-सानांना फोन लावला आणि फोनवर बोलतानाही कमरेत वाकत राहिले. सहल निघाली. काँट्रॅक्ट वाढलं. निखिलची मुलगी त्याच शाळेत तिसरीत गेली.

कुरोदा-सान अख्खी सकाळ त्या शिळेपुढे उभे होते म्हणे, हवेत बोटानं अक्षरं गिरवत. ओनो-सानांनी हे सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

पुढच्या वसंतात आई-बाबा पुण्याहून टोकियोत हिगाशी-कसाईला माझ्याकडे आले. त्यांना नारा दाखवायला नेलं. तेही जुनं राजधानीचं शहर, शिआनच्याच धर्तीवर बसवलेलं. आखणी अर्थात आमच्या नव्या व्हर्जननं केली. एक देऊळ, पूर्ण सकाळ, बसायला बाक.

बाबांनी तासभर दम धरला. मग म्हणाले, "मृणाल, एवढ्या लांब आणलंस आणि एकच देऊळ? शेजारचे जोशी नऊ करून गेलेत."

संध्याकाळी हॉटेलातून निखिलला फोन करून जुनं व्हर्जन मागवलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी दहा केले आणि जेवताना जोशींना फोन लावला.

सॉफ्टवेअर दोन्ही चांगली आहेत. कुरोदा-सानांना मी आधी विचारलं होतं. बाबांना विचारायची गरज वाटली नव्हती.