काढण्याआधीची हाक

खारघरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माणूस सर्व्हर सांभाळतो. कुठलं सॉफ्टवेअर पॅकेज कुठे बसवलंय आणि ते कशाला लागतं, हे शोधायला त्याने स्वतः एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली आहे. पॅकेज सापडलं नाही तर ती लाल अक्षरांत ओरडत नाही. ‘नाय गावला, परत बघ’ एवढंच छापते. तोही तसाच बोलतो, स्क्रीनवरची नजर न काढता.

एखादं जुनं पॅकेज काढायचं असलं की तो आधी स्क्रिप्ट चालवतो. कुणालाच लागत नाही असं उत्तर आलं तरी त्याचं समाधान होत नाही. उभा राहून अख्ख्या ऑफिसला हाक मारतो, ‘‘कुनाला लागतं काय?’’ मला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा. त्याचे वडील पाणी सोडायला खाडीच्या बांधाचं दार उघडण्याआधी अशीच हाक मारायचे म्हणे, कारण पलीकडे कुणीतरी चिखलात उतरलेलं असायचं. ओ आली तर दार उघडायचं नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीने त्याच कामासाठी विकतचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्याची स्क्रिप्ट काढून टाकायला त्यालाच सांगितलं. त्याने नेहमीसारखी हाक मारली. सगळ्यांच्या कानांत हेडफोन.

‘‘मला लागते, दादा,’’ मी म्हणाले.

‘‘तू कवा वापरलीस?’’

मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं. पण ओ तर आली होती. त्याने की-बोर्डवरून हात काढून घेतला.